बारमाही उघडं बंदर

पुस्तक दिसायला देखणं होतं, तेवढं मान्य. जाड पुठ्ठा, गुळगुळीत पानं, वर काळ्या आभाळात तरंगणारं बंदर. पण त्यातलं वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती अजून उतरलेली नाही.

आमचा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टेबलाभोवती बसायचं, एकाने खेळ चालवायचा, बाकीच्यांनी अंतराळयानाचे कप्तान, मेकॅनिक वगैरे व्हायचं, आणि अडलं की फासे टाकायचे. आम्ही तिघं. मी, मांडव्याच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मुंबईत नोकरी करणारा माझा मामेभाऊ, तो खेळ चालवायचा. आणि आमच्या कोळीवाड्यातला एक तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या. खेळ फक्त पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा. एरवी तांडेलाला सवड कुठली?

इतकी वर्षं आम्हाला एक पातळ रूलबुक पुरलं. स्वतःच्या पायावर उभं असलेलं पुस्तक. यान कसं दुरुस्त करायचं, हवा संपली तर काय, फासे कधी टाकायचे, एवढं सांगून गप्प बसायचं. ग्रहांना त्यात एकेक ओळ. एका ग्रहापुढे लिहिलं होतं, वादळं फार, बंदर एकच. बाकी सगळं आम्ही रचलं.

आम्ही म्हणजे तांडेलानेच. त्या ग्रहावर वादळांचा हंगाम लागला की बंदर बंद, यानं वर ओढायची. हंगाम सरला तरी लगेच निघायचं नाही, आधी नारळ वाहायचा. आता तिथे नारळ कुठला? म्हणून हवा गाळायच्या यंत्राची जुनी जाळी वाहायची, सोनेरी कागदात गुंडाळून. त्याआधी जो निघेल तो परत येत नाही, त्याच्यासाठी फासेसुद्धा टाकायचे नाहीत. हा नियम त्याने कुठून आणला हे विचारायची गरजच नव्हती. त्याचा थोरला भाऊ पावसाळी मासेमारीवरची सरकारी बंदी उठल्या उठल्या, नारळी पौर्णिमेची वाट न बघता समुद्रात गेला होता. बोट सापडली, भाऊ सापडला नाही. हे साऱ्या गावाला माहीत, मामेभावालाही.

गेल्या आषाढात मामेभाऊ ते जाड पुस्तक घेऊन आला. त्याच ग्रहावरचं सप्लिमेंट, म्हणजे मूळ पुस्तकाची पुरवणी. बंदराचा नकाशा, राजघराण्याच्या पिढ्या, खानावळीत काय शिजतं तेसुद्धा. फासे कसे टाकायचे ते मात्र कुठेच नाही, त्यासाठी ‘मूळ पुस्तक पाहा’. आयजीच्या जिवावर बायजी उदार! अशी पुस्तकं असू नयेत असं मी म्हणत नाही. कुणाला तयार गाव हवं असेल त्याने खुशाल घ्यावं. पण आमचं गाव वसलेलं होतं हो.

मामेभाऊ म्हणाला, आता हेच खरं, कारण हे अधिकृत आहे. आणि पुस्तकात होतं की वादळं नुसती दिसायला भीषण, बंदर बारमाही उघडं. हे सांगणारा स्वतः कसा आला होता? पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद, म्हणून वडखळवरून रस्त्याने, खड्डे खात. पण पुस्तकापुढे त्याला स्वतःची कंबरही आठवेना.

नेहमीसारखा माझ्या दुकानातल्या टेबलावर खेळ सुरू झाला. ऐन वादळात त्याने एक यान बंदरातून काढलं. ते माल भरून सुखरूप परत आलं, खलाशी गाणी म्हणत उतरले. हे तो रंगवून रंगवून सांगत होता आणि तांडेल हातातल्या फाशांकडे बघत होता. जाळी वाहिली का, असं त्याने हळूच विचारलं. मामेभावाने पानं चाळली आणि म्हणाला, असलं काही यात नाही.

“मंग माझा भाऊ का न्हाय आला?” तांडेल म्हणाला.

इथे तरी माणसाने गप्प बसावं. मामेभाऊ म्हणाला, “दादा, हा नुसता खेळ आहे.”

तांडेलाने फासे टेबलावर ठेवले, छत्री उचलली आणि गेला.

मग मी मामेभावाची अशी खरडपट्टी काढली की दुकानात येणारं गिऱ्हाईक दारातूनच परत फिरलं. नुसता खेळ आहे, तर त्या पुस्तकाचा एवढा पुळका कशाला? त्याच्यासाठी जिवंत माणूस उठून गेलेला चालतो? ज्यांनी ते लिहिलं ते उंटावरून शेळ्या हाकणारे, त्यांनी ना आमचं टेबल पाहिलं ना तांडेल. तुला तर दोन्ही ठाऊक होतं. तो म्हणाला, तू उगाच भावनिक होतेस. भावनिक! मी ते पुस्तक त्याच्या बॅगेत कोंबलं आणि त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात गेले. तांडेल ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी म्हटलं, रविवारी खेळ मी चालवते. त्याने मान वर केली नाही, पुस्तक कुठलं तेवढं विचारलं. पातळ, मी म्हटलं. तो पुन्हा जाळ्याला गाठी मारू लागला. घरी येताना मला मामेभावाचा पुन्हा नव्याने राग आला.

रविवारी मी पहिल्यांदाच मामेभावाच्या खुर्चीत बसले. तांडेल आला, पण दारातच उभा राहिला, छत्रीचं पाणी गळत होतं.

“बंदर बंद हाय ना?”

“बंद आहे,” मी म्हणाले. “सगळी यानं वर ओढलीत.”

तो आत येऊन बसला.

“मंग समदी घरी हायत,” तो म्हणाला आणि त्याने फासे स्वतःकडे ओढले.