मागूर सरांची बोटं

“हाऊ मासा शे का साप शे?” प्रयोगशाळेत टब ठेवता ठेवता आमच्या कॉलेजच्या अध्यक्षांचा, आबांचा ड्रायव्हर पुटपुटला आणि झटकन मागे सरकला. मीही सरकले. पाण्याबाहेर तासन्‌तास काढूनही जिवंत राहणारा, मिशा हलवणारा तो हातभर लांब मासा मला कधीच सहन झाला नाही. मागूर सर मात्र खुशीत बाह्या सरसावत होते.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या या सरांचं खरं नाव कुणीच घेत नसे. मागूर मासा हाती आला की ते डोळे मिटत. “रंग फसवतो. डोक्यामागचं हाड चाचप.” देशी मागूरला तिथं एकच टोक लागतं, आफ्रिकन मागूरची कडा इंग्रजी डब्ल्यूसारखी, तीन टोकांची. माझी पाळी आली की मी कसंबसं बोट लावायचे आणि उत्तर ओठातच ठेवायचे. “माशाला ऐकू गेलं, मला नाही,” सर म्हणायचे. मुलं हसली की हसणाऱ्यालाच टबाशी बोलवायचे.

निवृत्तीचं ते त्यांचं शेवटचं वर्ष. मधुमेह जुना. एकदा त्यांनी तापलेला बीकर उचलला आणि बोटांना फोड आले तेव्हाच त्यांना कळलं. “साखरेची मेहेरबानी,” म्हणत त्यांनी हात खिशात घातला.

आफ्रिकन मागूर पाळायला बंदी आहे. तो निघाला तर आबांच्या शेततळ्यातले सगळे मासे मारावे लागणार होते. आफ्रिकन असून चुकून देशी ठरला, तर पावसाळ्यात तळं वाहिलं की हेच मासे नदीत जाणार आणि तिथले लहान मासे संपवणार. आबा दारातच उभे होते. वाट अडवल्यासारखे.

“सर, बठ्ठं तुमच्या शब्दावर शे.”

सरांनी डोळे मिटले. बोट हाडावरून फिरलं. पुन्हा फिरलं. एरवी त्यांना एक फेरी पुरायची.

“आपलाच आहे,” ते म्हणाले. मग सवयीनं माझ्याकडे वळले. “तूही बघ गं.”

मी बोट लावलं. एक टोक. दुसरं. तिसरं. आबांची भीती होतीच. पण त्यांच्यादेखत सरांना खोटं पाडायचं?

“हाई पोर बोलस का मुकी शे?” आबा हसले.

बीकरनं भाजलेला सरांचा तोच हात पुन्हा खिशात गेला होता. ते माझ्याकडेच बघत होते, आणि मला वाटलं, तेही घाबरले आहेत.

“तीन टोकं आहेत, सर,” मी म्हणाले. बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. “हा आफ्रिकन आहे.”