शेवटच्या ओळीतलं नाव

धुळ्यात आमच्या शेजारच्या अक्का ब्लाउज शिवता शिवता गाणी रचायच्या. मशीन थांबलं म्हणजे शब्द अडला, एवढं मला भिंतीपलीकडून कळायचं. भीमगीत रचणाऱ्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायचं, ही रीत. अक्का मात्र तिथे त्यांच्या लाडक्या कवीगायकाचं नाव घालायच्या. मी चिडले की म्हणायच्या, "बठ्ठं त्यासनंच शे. मी फक्त शिवस." सगळं त्यांचंच, अक्का नुसत्या शिवणाऱ्या.

त्यामुळे अक्कांचं एक गाणं त्या गायकाचं म्हणूनच गाजलं. यंदा जयंतीला ते स्वतः आमच्या मंडपात आले आणि लोकांनी नेमकी त्याच गाण्याची फर्माईश केली. त्यांनी पेटीवरचे हात उचलले.

"हे माझं नाही. माझ्या नावावर कोण खपवतंय?"

अक्कांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मग त्या उठल्या. कापऱ्या आवाजात अख्खं गाणं म्हणाल्या आणि शेवटच्या ओळीत, त्या नावापाशी येऊन थांबल्या. गायक टक लावून बघत होते.

अक्कांनी डोळे मिटले आणि तिथे स्वतःचं नाव घेतलं.

दहा वर्षांच्या शेजारात ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.