विष्णूचे डेस्कटॉप, विष्णूची स्थळं

वाटूर फाट्यावर आमचं ऑनलाइन कामांचं आणि टायपिंगचं दुकान आहे. रोज सकाळी झाडू मारला की धूळ जाते, किस्से मात्र जात नाहीत. ते साठतच राहतात, आणि त्यातले निम्मे माझा भागीदार विष्णू याच्या नावावर आहेत!

आमचे कॉम्प्युटर जुने. विंडोज त्यांच्यावर कण्हत-कुंथत चालायचं, म्हणून विष्णूनं त्याच्या जागी लिनक्स टाकलं. फुकट, आणि पळतंयही बराबर. मला अजून काय पाहिजे? पण लिनक्समध्ये स्क्रीनचं रूप, म्हणजे मेनू कुठे, बटणं कशी, रंग कोणता, हे सगळं आपल्या मर्जीनं बदलता येतं. तयार डेस्कटॉपच मिळतात वेगवेगळे. एकाचं नाव तर चक्क सिनॅमन, म्हणजे दालचिनी! हे कळलं आणि विष्णू कामातून गेला.

त्याच काळात त्याचं लग्न जमवणं चालू होतं. महिन्याला एक स्थळ, महिन्याला एक डेस्कटॉप. डेस्कटॉप विष्णू नाकारायचा आणि स्थळं विष्णूला. "नोकरी न्हाई, दुकान आहे," एवढं ऐकलं की मुलीकडचे चहासुद्धा अर्धा सोडायचे.

*

एकदा त्यानं स्क्रीनवरचं सगळंच काढून टाकलं. मेनू नाही, आयकॉन नाही, खालची पट्टी नाही. नुसता डोंगराचा फोटो.

"जे पाहिजे ते टाइप करायचं, लगेच उघडतं," विष्णू म्हणाला.

सातबारा काढायला एक काका आल्ते. रोजचे गिऱ्हाईक. खुर्चीत बसले, स्क्रीनकडे बघत राहिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काल तर भरलेलं होतं. चोरी झाली का?"

*

मग काळ्या थीमचं वेड आलं. मेनू काळा, फाइल काळी, टाइप करायचं पानही काळं.

जांब समर्थकडचे एक गृहस्थ मुलीची लग्नपत्रिका करायला आले. विष्णूनं सगळ्यात वर गणपतीचं नाव टाइप केलं. काळ्यावर पांढरं! गृहस्थ उठून उभेच राहिले.

"अहो, कागदावर बराबर येतंय. ह्यानं डोळ्याला आराम मिळतो," विष्णू समजावायला लागला.

"माझ्या डोळ्याचं राहू द्या. लग्न पोरीचं आहे!"

विष्णूनं मुकाट्यानं अख्खा स्क्रीन हळदीसारखा पिवळा केला. महिनाभर पिवळा होता. संक्रांतीच्या दिवशी दुकानात आलो, तर परत काळा! मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आज चालतं."

*

एका डेस्कटॉपमध्ये स्क्रीनवरची खिडकी, म्हणजे उघडलेलं पान, माउसनं ओढली की ती जेलीसारखी हलायची. विष्णू दिवसभर खिडक्या इकडून तिकडे ओढत बसायचा, कारण नसताना.

एक आजी निराधार पेन्शनचा अर्ज भरायला आल्या. विष्णूनं अर्ज उघडला आणि सवयीनं बाजूला ओढला. अर्ज थुलथुलला. आजी पटकन पुढं झाल्या, दोन्ही हातांनी मॉनिटर गच्च धरला आणि म्हणाल्या,

"मी धरते बाबा, तू लिव्ह."

*

गिऱ्हाईक बिथरायला लागलं, तेव्हा मी चिडलो. मग विष्णूनं लिनक्सलाच हुबेहूब विंडोजचं रूप दिलं. तेच बटण, तोच निळा रंग. दुसऱ्या दिवशी एक गुरुजी आले. प्रिंट झटक्यात निघाली, तशी ते खूश झाले.

"बघा, शेवटी ओरिजिनल ते ओरिजिनल! ते तुमचं फुकटचं काढलं ते बेस झालं."

विष्णूनं त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

*

आणि मग जालन्याचं स्थळ आलं. मुलगी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कामाला. तिच्या वडिलांचा निरोप होता, आधी दुकान बघू, मंग घर.

मी विष्णूच्या हातापाया पडलो. "आजचा दिवस ते विंडोजसारखं ठेव."

"शर्ट इस्त्रीचा घालतो. स्क्रीन माझाच राहील," विष्णू म्हणाला. "ज्याला पटंल त्याला पटंल."

मला त्याचा राग आला. हे स्थळ गेलं, तर त्याची आई आता पुढचं बघणार नव्हती.

पाहुणे आले. स्क्रीन काळा, रिकामा. वडिलांनी विचारलं, "बंद आहे का?" विष्णूचं तोंड उतरलं. मुलगी मात्र सरळ खुर्चीत बसली. लॉगआउट केलं आणि लॉगिनच्या पानावर कोपऱ्यातल्या चक्रावर क्लिक केलं. विष्णूनं आजवर टाकलेल्या सगळ्या डेस्कटॉपची नावं एकाखाली एक उघडली. दालचिनीसकट! एकही त्यानं काढला नव्हता. ती वरून खाली सावकाश वाचत गेली. विष्णू घाम पुसत उभा.

तेवढ्यात वडिलांनी मला बाजूला घेऊन नेहमीचा प्रश्न विचारला, "पोराला काही व्यसन-बिसन?"

"बिलकुल न्हाई!" मी म्हणालो.

मुलीनं स्क्रीनवरची नजरसुद्धा काढली नाही.

"आहे, पप्पा," ती म्हणाली. "पण मला चालंल."