समधी उचलण्यापुरता थांबा

आमच्याकडे समधीभेट झाल्याशिवाय लग्न लागल्यासारखं कुणाला वाटत नाही. मांडवाच्या दारात मुलीचा बाप आणि मुलाचा बाप गळाभेट घेतात आणि मग एकमेकांना उचलून दाखवतात. गोंदियाजवळच्या कुडव्यातला आमच्या बाबूजींचा बँड त्या वेळी एक खास चाल वाजवायचा. बाबूजींच्या क्लॅरोनेटवर ती सुरू झाली की पोट सुटलेले गृहस्थही पैलवान व्हायचे.

ही चाल आपणच बसवली, असं बाबूजी सांगत. कामठ्याला बँड चालवणारे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, तीच चाल वाजवत आणि आपणच बसवली म्हणून सांगत. यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. बाबूजी काकांना आयत्या बिळावरचा नागोबा म्हणत. काका बाबूजींना काय म्हणत, ते आईनं मला कधी कळू दिलं नाही. मला काका आवडायचे. बाजारात ते दिसले की वळून दुसऱ्या गल्लीत शिरावं लागे, याचा मला भयंकर राग यायचा.

पुढे गोंदियात सायबर कॅफे निघाले आणि त्यातल्या एकात मी कामाला लागले. एक दिवस एक मास्तर शाळेच्या गॅदरिंगसाठी परदेशी नाचांच्या संगीताची सीडी कॉपी करायला घेऊन आले. तिसरी चाल लागली आणि माझा हात माऊसवर तसाच राहिला. आमची समधीभेट! तीही व्हायोलिनवर.

सीडीची एक कॉपी मी स्वतःसाठीही काढून ठेवली. चाल आयर्लंडची निघाली. असल्या नाचाच्या चालींना तिकडे जिग म्हणतात. आपल्या दादऱ्यासारखी ती सहा-सहा मात्रांत पळते. या चालींची वंशावळ ठेवणारी वेबसाइटही सापडली. कुणी रेकॉर्ड केली, कुणी नोटेशन लिहिलं, कुणी कुणावरून उतरवलं, सगळं तिथे होतं. लोकांना किती रिकामा वेळ असतो, असं म्हणून मी हसले आणि पुढची काही वर्षं त्याच कामाला लागले. एक रेकॉर्डिंग डाउनलोड करायला सकाळची दुपार व्हायची. इंग्रजी अक्षरांतली नोटेशनं मी सा रे ग म मध्ये मांडली आणि बाबूजींच्या जुन्या वहीशी ताडून पाहिली.

सूर न सूर जुळला. फरक एकच होता. दुसऱ्या भागाच्या मधोमध वहीत लिहिलं होतं, ‘थांबा. समधी उचलला की पुढे.’ हा थांबा एकाही रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. आयर्लंडमध्ये समधी उचलत नसावेत. मग कामठ्याच्या एका लग्नात जाऊन काकांची चाल मोबाईलवर चोरून टिपली. तिच्यात थांबा होता, अगदी त्याच जागी.

म्हणजे दोघांनी ती लहानपणी एकाच ठिकाणी ऐकली असणार, बहुतेक आजोबांच्या बँडमध्ये. आजोबांकडे ती कुठून आली, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. पण चाल दोघांचीही नाही एवढं सिद्ध झालं, म्हणजे भांडणही मिटलं, असं मी धरून चालले. चार बुकं शिकलं की असं वाटतं.

बाबूजींना कॅफेत नेऊन हेडफोन लावले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

“चांगला वाजवून राहिला,” ते म्हणाले. “पण समध्याले उचलायले जागाच नाई ठेवली. कच्चा हाये.”

“बाबूजी, हे चाल तिकडची हाये. तुमची नाई, काकाची बी नाई.”

बाबूजींनी क्षणभर विचार केला. “मंग त्यायनं तुया काकापासून घेतली असन.”

माझं लग्न ठरलं तेव्हा खरी पंचाईत झाली. या वेळी समधी खुद्द बाबूजी. ते उचलणार की वाजवणार? थांब्यासकट ती चाल वाजवणारा दुसरा माणूस एकच होता. आई म्हणाली, “बोलवा ना भावाले.” बाबूजी म्हणाले, “कायले? पोरीजवळ त्या गोऱ्याची सीडी हाये ना.” पत्रिका मात्र आईनं परस्पर कामठ्याला पाठवली.

लग्नाच्या दिवशी समधीभेटीला सीडी लागली. नवरीनं बाहेर यायचं नसतं, म्हणून मी खिडकीतून पाहत होते. माझ्या सासऱ्यांनी बाबूजींना कमरेला धरून उचललं, थांब्याची जागा आली आणि व्हायोलिन न थांबता सुसाट पुढे निघून गेलं.

“थांब!” बाबूजी हवेतूनच ओरडले. त्याच क्षणी मागच्या खुर्च्यांमधून दुसरा आवाज आला, “थांब!”

ते काका होते.

डीजेवाल्यानं घाबरून सीडीच बंद केली. मला रडू आलं, आणि पाठवणीच्या आधीच रडते म्हणून मावशी रागावली. सासऱ्यांनी बाबूजींना खाली ठेवलं. बाबूजींनी टोपी सारखी केली आणि काकांकडे न बघता विचारलं,

“क्लॅरोनेट आणलं काय?”

“गाडीच्या डिक्कीत हाये,” काका म्हणाले. “कालच पुसून ठेवलं.”