प्लास्टिकमध्ये गेलेली एक आण्याची चिठ्ठी

लॅमिनेशनची मशीन ज्याने शोधून काढली, त्याला एकदा दुर्गजवळच्या रिसालीला आमच्या घरी जेवायला बोलवायचं आहे. जेवण होईपर्यंत काही बोलणार नाही. नंतर सोडणार नाही.

मला जुन्या कागदी पैशांचा नाद आहे. पन्नाशी आली, केस गेले, नाद गेला नाही. मोठ्या नोटा ऐपतीबाहेरच्या, म्हणून लहान गावांतल्या बँका-पेढ्यांनी छापलेल्या चिठ्ठ्या जमवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चिल्लर मिळेना, तेव्हा त्या गावापुरत्या चालायच्या. अशाच एका बुडालेल्या बँकेच्या आठ, चार आणि दोन आण्यांच्या माझ्याकडे होत्या. एक आण्याच्या चिठ्ठीसाठी अकरा वर्षं झुरलो. शेवटी दुर्गच्या, रेल्वेतून रिटायर्ड झालेल्या एका गार्डसाहेबांनी ती दिली. तीही दोनदा माझ्या हातातून परत घेऊन, तिसऱ्यांदा. म्हणाले, "रविवारी आपल्या जमवणाऱ्यांची बैठक आहे, चारही घेऊन या. सगळ्यांना दाखवू."

घरी आलो. अल्बम लोखंडी कपाटात, किल्ली बायकोकडे, बायको बाजारात आणि मला सेकंड शिफ्टची घाई. चिठ्ठी आईच्या हातात दिली. म्हटलं, "जपून ठेव, लय महत्त्वाचा कागद आहे."

हे मी बोललो! ज्याने जन्म या घरात काढला, त्याने! बाबा स्टील प्लांटमध्ये नोकरीला लागायच्या वेळी त्यांचा जातीचा दाखला वाळवीने खाल्ला होता. दुसरा मिळवायला त्यांनी मूळ गावी, भंडाऱ्याकडे वर्षभर जोडे झिजवले. तेव्हापासून आमच्याकडे महत्त्वाचा कागद म्हटला की तो प्लास्टिकमध्ये जातो. दाखला, मार्कशीट, माझं लहानपणीचं लशीचं कार्डसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आईने चिठ्ठी पुढे केली. कडक, चकचकीत. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद कधीच सुटत नाही. मी ओरडलो.

"कावून चिल्लावून राहिला? तीस रुपये देल्ले, जाडवालं टाकलं."

"आई, मेली ती चिठ्ठी!"

"मरते कायले? पाह्य, कशी चमकून राहिली."

बायको आतून म्हणाली, "मले फोन केला असता तं किल्ली घेऊन आली असती. पण तुमाले दम कुठं?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे पोळी खाल्ली नाही, भात खाल्ला.

रविवारी गार्डसाहेबांनी भिंग काढलं, चिठ्ठी पाहिली, भिंग परत खिशात ठेवलं. "कोणी केलं हे?"

आईचं नाव तोंडातून निघेना. "दुकानदारानं," मी म्हटलं, आणि पुढची दहा मिनिटं त्या गरीब माणसाला इतक्या शिव्या दिल्या की साहेब त्याच्या दुकानाचा पत्ता मागू लागले.

घरी आलो तर आई दारातच.

"सगळ्यायनं पाह्यली?"

"पाह्यली."

"मंग बाकीच्या तीन दे. उद्या त्याही करून आणतो."

कपाटाची किल्ली आता माझ्या खिशात असते. ड्यूटीवरसुद्धा.