बांधावरच्या बाभळी

गावच्या ग्रुपवर मी लिहायला लागलो की भलेभले गप्प बसतात, असा माझा समज होता. समोर टिकून राहायचा तो एकच, माझा धाकटा चुलतभाऊ. तो दुसऱ्या पक्षाचा. आमची घरं एकाच गल्लीत, पण दोन वर्षं आम्ही बोलायचो ते फक्त मोबाइलवर.

मागच्या श्रावणात हदगावहून येणारी एसटी बंद झाली. रस्त्यावर झुकलेल्या बाभळींनी काचा फुटतात, आता गाडी फाट्यावरूनच वळणार, असं ड्रायव्हरने सांगून टाकलं. माझी पुतणी दहावीत, शाळा हदगावला. फाटा पाच किलोमीटर. थोरल्या भावाने ठरवलं, दिवाळीपर्यंत गाडी सुरू झाली नाही तर पोरीची शाळा बंद. माझं डोकंच फिरलं. लगेच ग्रुपवर सरकारला धारेवर धरलं. चुलतभावाने मागच्या सरकारचं उकरून काढलं. जेवणवेळेपर्यंत शंभरेक मेसेज झाले. पुतणीने शेजारी बसून ते सगळे वाचले आणि विचारलं, "काका, ह्यात गाडी कवा येणार ते कुठं लिवलंय?"

लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

बहुतेक सगळ्या बाभळी होत्या चुलतभावाच्याच बांधावर. आमच्याकडे दुसऱ्याच्या बांधावरची फांदी तोडायची तर त्याच्या दारात जाऊन विचारावं लागतं. फोनवर विचारलेलं कुणी धरत नाही. कुऱ्हाड घेऊन गेलो. तो ओट्यावर बसलेला, मान खाली, अंगठे चालू.

"दादा, तुम्हालाच उत्तर लिहून राहिलो."

"ते राहू दे. बाभळी तोडायच्यात."

त्याने माझ्याकडे, मग कुऱ्हाडीकडे पाहिलं. "एका कुऱ्हाडीनं काय व्हतंय?" म्हणाला आणि आतून दुसरी घेऊन आला.

चार दिवस काट्यांनी हात सोलून निघाले. दुसऱ्या दिवशी दहा माणसं आली, तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर. इतकी मजा मला कुठल्याच निवडणुकीच्या निकालाने दिली नव्हती! मग आम्ही दोघं एकाच मोटरसायकलवर अर्ज घेऊन डेपोत गेलो, आणि जाता-येता रस्ताभर भांडलो. समोरासमोर भांडण्यात एक सोय असते, दमल्यावर चहा घेता येतो.

सहामाही परीक्षेच्या पहिल्याच सकाळी लाल गाडी वळणावर दिसली आणि मी मोठ्याने ओरडलो. सगळं गाव गोळा झालं. गाडीच्या दारातच आमची पुन्हा जुंपली, श्रेय कुणाच्या आमदाराचं म्हणून. पुतणी पाठीमागे दप्तर घेऊन उभी होती.

"काका, बाजूला सरका. माझा पेपर हाय."

आम्ही दोघंही सरकलो.