सावरीची गादी

चिमाबाईला आयुष्यात एकदा गादीवर झोपायचं होतं. ठाकरवाडीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांची त्यावर फुकटात करमणूक होत होती. नवरा शिदू तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या रानीसायबास्नी भुई टोचती." दोघं एकाच घोंगडीत झोपत, आणि घोंगडीचा मोठा भाग शिदूकडे असे.

हे खूळ लोणावळ्याचं. तरुणपणी चिमाबाई तिथल्या एका बंगल्यात उन्हाळ्यापुरती कामाला होती. मुंबईची शेटमंडळी हवा खायला येत, त्यांच्या सावरीच्या गाद्या उन्हात घालणं हे तिचं काम. एका दुपारी अंगणात कुणी नाही असं बघून ती गादीवर जराशी आडवी झाली. पाठ टेकते न टेकते तोच शेटाणीबाई आल्या. त्यांनी चिमाबाईला त्याच दिवशी हाकललं आणि गादी उसवून नव्यानं भरून घेतली. पण तेवढ्यात पाठीला जे सुख झालं, ते चिमाबाईच्या मनातून काही उतरलं नाही.

आता कापूस आणायचा कुठून? सावरीची मोठाली झाडं होती ती जाखमातेच्या देवराईत, आणि राईतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा गावाचा कडक नेम. मात्र सीमेच्या धोंड्यांपलीकडे जे उडून येईल ते देवीचं नाही, वाऱ्याचं, हेही तितकंच ठरलेलं. त्यामुळे चैत्रात बोंडं फुटली की चिमाबाई धोंड्यांच्या बाहेर लुगडं पसरून बसे. वाऱ्यानं तोंड फिरवलं की देवीला चार शब्द सुनावी. अशा कापसानं गादी भरायला तिची वीसेक वर्षं गेली. साठ-बासष्ट साल असेल, शेवटचे टाके घालायचे राहिले होते, आणि टँकर उलटला.

राईच्या वरच्या अंगानं मुंबई-पुण्याचा हमरस्ता जातो. तिथल्या वळणावर काळ्या तेलाचा टँकर ओढ्यात कलंडला. ड्रायव्हर उडी मारून वाचला आणि चहा कुठं मिळेल ते विचारू लागला. तेल मात्र ओढ्यानं थेट जाखमातेच्या डोहात उतरलं. डोहावर गावाचं पाणी, आणि डोहाखालच्या झऱ्यावर ठाकरवाडीचं. तेलवाल्यांचा एक माणूस नाकाला रुमाल लावून बघून गेला. "पावसाळ्यात वाहून जाईल," म्हणाला. पावसाळा अजून जन्माला यायचा होता. मग गावानं डोहात पेंढा टाकून पाहिला. पेंढ्यानं तेलाबरोबर पाणीही पोटभर पिऊन घेतलं आणि तळ गाठला.

खरा उपाय तर सगळ्यांच्या देखत चालला होता. राईतून उडालेला कापूस डोहावर पडत होता, काळा होऊन तसाच तरंगत होता, आणि त्याच्याभोवती वीतभर पाणी नितळ दिसत होतं. हे पहिल्यांदा पाहिलं चिमाबाईनं. पाहिलं आणि गप्प बसली. सावरीचा कापूस तेल पितो आणि पाण्याला शिवत नाही हे कळलं, तर गाव कुणाच्या दारात येणार, हे तिला बरोबर उमजलं होतं. वाडीतली पोरं तेलाच्या वासाचं पाणी पीत होती, तीही पीत होती. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी ती टाके घालत राहिली.

गावाला दिसायचं ते दिसलंच. बाजीराव पाटील म्हणाले, झाडं लगडलीत, कापूस काढू या. गुरव दत्तोबानं देवीला कौल लावला. शेंदराच्या धोंड्याला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा डावंच. देवीचा डोह साफ करायला देवीचा कापूस द्यायची देवीची तयारी नव्हती. मग सगळं गाव वाडीकडे वळलं.

एरवी बाजीराव तिला लांबूनच "ए ठाकरणी" म्हणून हाक मारत. त्या दुपारी ते दारात उभे राहून म्हणाले, "चिमामावशी, आता गावाचं पानी तुमच्या हातात हाय."

"देवी न्हाई म्हनली तं चालतं," चिमाबाई म्हणाली. "आन् म्या म्हनलं तर?"

"देवीला तान लागत न्हाई, मावशे," दत्तोबा म्हणाला. "आपल्याला लागती."

चिमाबाईनं हातातला टाका पुरा केला आणि दोरा दातानं तोडला. मग ती म्हणाली, "देते. पर आदी मी तिच्यावर झोपनार. उठले की मंग न्या."

झोपडीची ताटी आतून लागली. बाहेर उन्हात पाटील, गुरव आणि निम्मं गाव एका ठाकरणीची झोप व्हायची वाट बघत बसलं. कुणी खोकलं की शिदू ओठांवर बोट ठेवी. "हळू, पाटील. रानीसायब झोपल्यात." पाटलांना गप्प बसवायची संधी त्याला जन्मात एवढीच मिळाली, आणि त्यानं ती पुरेपूर वापरली.

आत चिमाबाई टक्क जागी होती. गादी मऊ होती, प्रश्नच नाही. इतकी मऊ, की कंबर खाली गेली, पाय वर राहिले आणि पाठ घामानं भिजली. या कुशीवर झालं, त्या कुशीवर झालं. लोणावळ्यात सुख झालं ते गादीचं, की चोरून पाठ टेकल्याचं, हे तिला आता कळेना. एवढी वर्षं देवीशी भांडले ते ह्याच्यासाठी? तिला रडू आलं, मग हसू आलं. शेवटी ती उठली, शेजारच्या सारवलेल्या भुईवर आडवी झाली आणि लागलीच घोरायला लागली.

उन्हं कलल्यावर ताटी उघडली. "लागली का झोप?" बाजीरावांनी विचारलं.

"लय ग्वाड," चिमाबाई म्हणाली.

गादी उसवली. जुन्या लुगड्यांत कापूस भरून लांबलांब लोड केले आणि दोर बांधून दोन्ही काठांवरून डोहभर ओढले. काळे झाले की पिळायचे, पुन्हा सोडायचे. पिळलेलं तेल पाटलांच्या बैलगाडीच्या कण्याला पुढं कितीतरी दिवस पुरलं. डोह हळूहळू नितळला, मागोमाग वाडीचा झराही. कापसाचा पार चिखल झाला होता, तो खड्ड्यात पुरला.

मग गावाला उपकार जड झाले. दत्तोबानं चिमाबाईच्या गादीसाठी पुन्हा कौल लावला. या वेळी देवीनं उजवं फूल चटकन टाकलं. राईतल्या कापसाची नवी कोरी गादी ताशे वाजवत वाडीत आली. पुढं दर जत्रेला बाजीराव चारचौघांत विचारत, "मावशी, झोप लागती न्हवं?" आणि चिमाबाई म्हणे, "लय."

ते खरंच होतं. गादीवर शिदू झोपायचा. चिमाबाई खाली भुईवर, आणि अख्खी घोंगडी तिच्या एकटीची.